मनकर्णाबाईंची बोटं आणि काचेचा तंतू

मनकर्णा हिंगोले माझ्या टेबलापासून सहा पावलांवर बसायच्या. हैदराबादेत चेर्लापल्लीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात फायबरच्या केबलींना लावायचे कनेक्टर तयार होत. त्या जोडणीत होत्या, मी तपासणीत. त्यांच्या हातचा प्रत्येक नग माझ्या सूक्ष्मदर्शकाखालून जायचा. सतरा वर्षं एखाद्याचं काम असं जवळून बघितलं की माणूस आपोआप कळत जातो. त्या भरवशावरच हे लिहिते आहे.

आधी काम सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. फायबर म्हणजे काचेचा तंतू, जाड केसाएवढा. तो एका पांढऱ्या नळीत ओवायचा. नळी आगकाडीएवढी जाड, नखाएवढी लांब, आणि तिच्या मधोमध आरपार भोक, तेही केसाएवढंच. या नळीला फेरूल म्हणतात. फेरूलच्या मागे धातूची एक बारीक नळी, तिच्यावर स्प्रिंग आणि भोवती प्लास्टिकचं घर. मागच्या बाजूने गोंद भरायचा, तंतू सरकवायचा, भट्टीत गोंद वाळवायचा, मग पुढे आलेलं टोक कापून घासायचं. तंतू ओवताना आत मोडला तर तुकडा भोकात अडकून बसतो आणि तो नग टाकून द्यावा लागतो. काच वाकते, पण एका हद्दीपर्यंतच. ती हद्द बोटांना कळावी लागते.

मनकर्णाबाईंच्या बोटांना ती कळत होती. इतरांचे शंभरात दहा-बारा नग मोडायचे, त्यांचे दोन. कधी एकही नाही.

त्या मलकपेठेत राहायच्या, रेसकोर्सच्या मागच्या वस्तीत. मूळ नांदेडकडच्या. वडील देवराव नोकरीसाठी हैदराबादला आले आणि पाणीपुरवठा खात्यात नळ टाकायच्या कामावर लागले. मनकर्णाबाई इथेच मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकल्या. नवरा किशनराव आबिड्सच्या एका सरकारी कार्यालयात अटेंडर, म्हणजे शिपाई. घरात मराठी, गल्लीत दखनी, बसमध्ये तेलुगू. तिन्ही भाषा त्यांच्या बोलण्यात एकमेकींच्या ताटात जेवायच्या. कारखान्यातल्या बायका त्यांना अक्का म्हणत. मी मनकर्णाबाई म्हणायची आणि त्या मला ताई. वयाने मी चारच वर्षांनी मोठी, पण माझ्या घराण्यात तीन पिढ्या मास्तर आणि वकील. त्यामुळे ताई हा शब्द आमच्या मध्ये थोडं अंतर ठेवून उभा असायचा. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

दोन हजार बाराच्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. नग मोजून उठताना सहज त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या तंतू ओवत होत्या आणि तोंड खिडकीकडे. बाहेर कडुनिंबाखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर डोळे चक्क मिटलेले. हात मात्र चालूच. डाव्या अंगठ्याने मागचं तोंड चाचपायचं, उजव्या चिमटीतला तंतू टेकवायचा, किंचित फिरवायचा आणि सोडायचा, जणू तो स्वतःच आत जातो आहे.

त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये मी शेजारी जाऊन बसले.

"मनकर्णाबाई, झोप येते का हो कामावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या सीटच्या दांड्याकडे.

"झोप नाही, ताई. दिसायलं नाही."

"म्हणजे?"

"मधीच एक डाग येतो. ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं पुसल्यासारखं होतं. बाजूचं सगळं दिसतंय. तुमचा चेहरा बघायचा तर मला तुमच्या कानाकडं बघावं लागतंय."

साखरेचा आजार त्यांना चार वर्षांपासून होता. सरकारी दवाखान्यात डोळ्याच्या पडद्यावर लेझर करून झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही, चष्म्याने भागणार नाही.

"घरी ठाऊक आहे?"

"यांना सांगितलंय. कारखान्यात फकस्त तुम्हाला." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुमच्या टेबलावर माझा माल वाईट येतोय का?"

मी मनात आठवून पाहिलं. "नाही. उलट गेल्या महिन्यात एकही नाही."

"मग काही बोलू नका."

मी बोलले नाही. नियमाप्रमाणे कळवायला हवं होतं. पण माझं काम माल तपासायचं होतं, आणि माल चोख होता.

पुढच्या वर्षी सगळीकडे एकच शब्द झाला, पुनर्रचना. राज्याचे दोन भाग होणार की नाही यावर गल्लोगल्ली बोलणं चाललेलं. एक दिवस बंद, दुसऱ्या दिवशी रास्ता रोको, तिसऱ्या दिवशी बस मध्येच सोडून पायी. किशनरावांच्या कार्यालयात फायलींची, कपाटांची, माणसांचीही यादी होऊ लागली, कोण या राज्याचा आणि कोण त्या. ते मलकपेठेचेच, त्यांना कुठे जायचं नव्हतं; पण ज्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं चहा प्यायला ते चार जण गुंटूर-विजयवाड्याकडचे. ते आता त्या राज्याचे ठरणार होते.

आमचे मालकही तिकडचेच. त्यांनीही कारखान्याची पुनर्रचना काढली. तीन विभागांचे दोन झाले, अर्धं काम विजयवाड्याजवळच्या नव्या जागेत हलवायचं ठरू लागलं, आणि बाहेरून आलेल्या सल्लागारांनी एक नियम सुचवला, की जोडणीवर बसणाऱ्या प्रत्येकाची डोळ्यांची तपासणी व्हावी. नियम वाईट नव्हता. मीसुद्धा वाचून मान डोलावली असती, मनकर्णाबाई ठाऊक नसत्या तर.

सप्टेंबरात तपासणीची गाडी आली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मनकर्णाबाई तक्त्यासमोर उभ्या राहिल्या आणि खोटं बोलल्या नाहीत. पाठ करून आलेल्या दोघी-तिघी होत्या, त्या पास झाल्या. मनकर्णाबाईंनी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "इसके नीचे नहीं दिखता, डॉक्टरसाब."

सोमवारी त्यांना पॅकिंगमध्ये बसवलं. पिशवीत नग, पिशवीवर चिठ्ठी, पिशव्या खोक्यात. कोणी अपमान केला नाही, नोकरी गेली नाही. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही त्यांनी. मी जाऊन बसले.

"ताई, चिठ्ठी चिकटवायला डोळे लागतात. आत तंतू घालायला मला लागत नव्हते. उलटंच झालं की."

एवढंच म्हणाल्या. मग डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवली, कारण साहेबलोकांच्या ओळीतून उठून मी पहिल्यांदाच त्यांच्या बाकावर बसले होते आणि माझ्यापाशी काही नव्हतं.

मनकर्णाबाईंच्या खुर्चीवर यादम्मा नावाची बाई आली. तिशीतली, नलगोंड्याकडची, कामाला वाघीण. पण हे काम ताकदीचं नाही. पहिल्या आठवड्यात तिच्या शंभरातले एकतीस नग मोडले. ती एकटीच नव्हती. बंदमुळे जुनी माणसं गैरहजर, विजयवाड्याला जाणाऱ्यांनी आधीच राजीनामे दिलेले, सगळी ओळच नवी झाली होती. माझ्या टेबलावर मोडक्या फेरूलींचा डबा दुपारीच भरायचा. त्यातच एका टेलिफोन कंपनीची मोठी मागणी आलेली.

हा गुंता सोडवायला प्रतापराव आले. गौलीगुड्याचे, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातले, पस्तीस-छत्तीसचे डिझाइन इंजिनियर. शांत माणूस. त्यांनी आधी भिंगं आणली, मग जास्त उजेडाचे दिवे, मग हात टेकवायला लाकडी आधार. एकतीसचे सव्वीस झाले, तिथेच थांबले. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन मोडके नग उलटेपालटे करत म्हणाले, "कुसुमताई, कळतच नाही. भोक दिसतं, तंतू दिसतो, हात स्थिर आहे. तरी मोडतो कसा?"

त्या वेळी मी ते बोलले. जवळजवळ वर्षभर उशिरा, पण बोलले.

"प्रतापराव, ज्यांना भोक दिसत नाही त्यांना विचारा. पॅकिंगमध्ये बसल्यात."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी त्यांना गेल्या दोन वर्षांच्या तपासणीच्या वह्या काढून दिल्या. त्या तिथेच उभ्याने वाचून ते पॅकिंगकडे गेले. मीही मागोमाग गेले.

"मनकर्णाबाई, जरा दाखवता का, तुम्ही कसं घालायचात ते?"

"इथं? चिठ्ठ्या राहतील माझ्या."

"राहू द्या."

त्यांनी पदराला हात पुसले आणि डोळे मिटले. एक तंतू गेला. दुसरा. पाचवा. प्रतापराव वाकून त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"आता हळूहळू करा, आणि काय कळतंय ते सांगत जा."

"ऐका मग. हा आत निघाला… मोकळा आहे… आता अडखळला. हा पहिला उंबरा. जोर नाही करायचा. थोडं फिरवायचं, तो आपणच वाट शोधतो. आता पुन्हा मोकळा… आणि हा दुसरा उंबरा, फेरूलच्या तोंडाशी. इथं पोरी ढकलतात. ढकललं की मोडला."

"दोन उंबरे?"

"दोन. पैला नसता तर दुसऱ्यापाशी तंतू सरळ पोचला असता. पैल्यापाशी धक्का खातो आणि वाकडा होऊन दुसऱ्यावर आपटतो."

 प्रतापराव एक कनेक्टर घेऊन निघून गेले. तीन दिवसांनी त्यांनी तो उभा चिरून, कापलेला भाग घासून, माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि चित्र मोठ्या पडद्यावर टाकलं. मनकर्णाबाईंना बोलावलं. पडदा भिंतभर. त्या मान थोडी कलती करून, डाग बाजूला सारत, बघत राहिल्या.

सतरा वर्षं ज्याच्या आत बोटांनी वावरल्या ते घर त्या पहिल्यांदा पाहत होत्या. प्लास्टिकचं घर संपून धातूची नळी सुरू होते तिथे एक कडा. धातूची नळी संपून फेरूलचं तोंड लागतं तिथे दुसरी.

"हेच की ते," त्या म्हणाल्या आणि पडद्याजवळ जाऊन पहिल्या कडेवर बोट ठेवलं. "हा पैला." मग दुसऱ्यावर. "हा दुसरा. अगदी असाच वाटत होता." पदर डोळ्यांना लावला त्यांनी. हसतही होत्या.

पुढची गोष्ट त्यांनी कोणाला न विचारता केली. गोंद भरायच्या सिरिंजला पुढे निमुळतं प्लास्टिकचं टोक असतं. वापरून झालं की कचऱ्यात जातं. त्यांनी तसली चार टोकं धुऊन, ब्लेडने शेंडा कापून, कनेक्टरच्या मागच्या तोंडात बसवली. रुंद तोंड बाहेर, निमुळतं आत. पिठाच्या डब्याला नरसाळं लावावं तसं. मग यादम्माला हाक मारली.

"यादम्मा, इकडं ये. बघू नको, नुसता घाल."

यादम्माने दहा घातले. आठ गेले. ती ओरडलीच, "अक्का, पोयिंदी! आपोआप पोयिंदी!" गेलं, आपोआप गेलं.

प्रतापरावांनी त्या कापलेल्या टोकांवरून नक्षा काढला. त्यांचं म्हणणं, हे नरसाळं काढून घ्यायचं कशाला, कनेक्टरचाच भाग करून आत राहू द्यावं. गोंद स्प्रिंगवर सांडतो तोही थांबेल. साचा करायला महबूब मिस्त्री. वय साठीला टेकलेलं, टूलरूममध्ये त्यांच्यापेक्षा जुनं फक्त लेथ. नक्षा पाहून त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"साब, बीच का छेद इत्ता बारीक? पिन टूट जाता. एक बार नहीं, रोज टूट जाता."

"करके तो देखो, महबूबभाई."

"देखूँगा. देखने का कुछ नहीं लगता."

त्यांनी शिवणयंत्राची सुई घासून साच्यात मधलं भोक पाडणारी पिन तिचीच केली. तीन आठवडे लागले. दोनशे पांढरे तुकडे आले, प्रत्येक तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. प्रतापरावांनी ते स्वतः वाटले, स्वतः मोजायला बसले.

शंभरातले चाळीस मोडले. आधीपेक्षा जास्त.

मोडले नाहीत त्यांच्यातही माझ्या पडद्यावर घाण दिसत होती, प्लास्टिकचे बारीक छिलके तंतूने खरवडून पुढे नेलेले. मी आकडा लिहून प्रतापरावांच्या हातात दिला. व्यवस्थापकांनी त्यांना फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली होती. नाही जमलं तर बाहेरून तयार कनेक्टर मागवायचे आणि इथली जोडणी बंद करून टाकायची, असं ठरत होतं. म्हणजे यादम्मा धरून बेचाळीस जणींची नोकरी जाणार होती.

चार दिवस मनकर्णाबाई चिठ्ठ्या लावता लावता तो पांढरा तुकडा चिमटीत फिरवत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी बसमधून उतरतानाच मला म्हणाल्या, "ताई, प्रतापराव साहेबांना घेऊन येता का? मला एकटीला त्या केबिनमध्ये जायला कसंतरी होतं."

मी घेऊन आले. मनकर्णाबाईंनी तुकडा टेबलावर ठेवला, त्याच्यापुढे फेरूल ठेवली. दोन्ही तोंडाला तोंड.

"साहेब, हे असं लावलंय ना तुम्ही? समोरासमोर?"

"हो. घट्ट टेकतं. फट राहत नाही."

"फट नसंल. पण दोन भोकं केसाएवढी इकडंतिकडं झाली की उंबरा झालाच. आपण दोन उंबरे काढले आणि तिसरा बांधला."

प्रतापरावांनी मान डोलावली. हे त्यांनाही कळलं होतं. उपाय सापडत नव्हता. दोन भोकं इतकी अचूक समोरासमोर आणणं महबूबभाईंच्या साच्याला जमण्यातलं नव्हतं, कुणाच्याच साच्याला सहज जमलं नसतं.

"माझे वडील पाणीखात्यात नळ टाकायचे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मातीचे नळ, सांडपाण्याचे. लहानपणी मी डबा घेऊन जायची. नळाचं एक टोक साधं असतं आणि एकाला मोठं तोंड. ते म्हणायचे, पाणी जिकडं चाललंय तिकडं साधं टोक करायचं आणि ते पुढच्याच्या मोठ्या तोंडात घालायचं. म्हणजे पाण्याला लहानातून मोठ्यात पडायचं असतंय. कुठं कडा आडवी येत नाही, काडीकचरा अडकत नाही. उलटा बसवला की तुंबला." त्यांनी तुकडा उचलून निमुळतं टोक फेरूलच्या मागच्या वाटीसारख्या तोंडात टेकवलं. ते आत जात नव्हतं, जाड होतं. "हे टोक बारीक करा. समोर नको, आत जाऊ द्या. मग भोक जरा सरकलं तरी काय बिघडतंय? तंतू वाटीत पडंल, वाटीतून आपला भोकात जाईल."

प्रतापराव खाली बसले. खुर्ची नव्हती, खोक्यावरच बसले. खिशातून कागद काढून तिथेच रेघा मारू लागले. मग थांबून म्हणाले, "मनकर्णाबाई, हे मला पुस्तकातून सुचायला हवं होतं."

"पुस्तकात नळ नसतील," त्या म्हणाल्या.

"अजून काही?"

"हाव. एक हाये. हा तुकडा उलटा पण बसतो. परवा यादम्मानं तीन उलटे बसवले, कळलंच नाही तिला. त्याला एका बाजूनं कान काढा. घरात त्याच्यापुरती खाच ठेवा. म्हणजे चुकीचा बसणारच नाही. माणसाला सांगत बसायचं कामच नाही."

महबूबभाईंनी साचा पुन्हा केला. टोक बारीक, एका बाजूला कान. पिना दोनदा मोडल्या. तिसरी टिकली. दरम्यान दिल्लीत राज्य विभाजनाचा कायदा मंजूर झाला. त्या दिवशी शहरात कुठे फटाके वाजले, कुठे दुकानं बंद झाली. आमच्या टूलरूममध्ये महबूबभाई भिंगातून साच्याचं तोंड पाहत होते आणि प्रतापराव त्यांच्या डोक्यावर दिवा धरून उभे होते.

दुसऱ्या चाचणीला सगळे जमले. व्यवस्थापकही आले. मनकर्णाबाई मागे, भिंतीला टेकून. यादम्मा आणि कामाला लागून तीनच दिवस झालेल्या दोघी अशा तिघींनी मिळून तीनशे नग घातले. माझ्याकडे येईपर्यंत भट्टी, कापणी, घासणी सगळं व्हायचं होतं, त्यामुळे निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. मी एकेक नग पडद्यावर आणत होते. तंतूच्या घासलेल्या टोकाचा स्वच्छ गोल, मधोमध गाभा, ओरखडा नाही. स्वच्छ गोल. स्वच्छ गोल. एवढा कंटाळवाणा दिवस माझ्या नोकरीत कधी इतका चांगला गेला नव्हता.

तीनशेत सात मोडले होते. प्लास्टिकचा छिलका एकातही नाही.

मी आकडा घेऊन आधी व्यवस्थापकांकडे जायला हवं होतं. मी पॅकिंगमध्ये गेले.

"सात," मी म्हटलं.

"शंभरात?"

"तीनशेत."

 त्यांनी हातातली चिठ्ठी नीट चिकटवली, अंगठ्याने तिची कड दाबली आणि मग म्हणाल्या, "यादम्माला सांगितलं का? तिला आधी सांगा. ती रडायची रोज."

नव्या तुकड्याचा अंतिम नक्षा निघाला. नक्ष्याच्या कोपऱ्यात एक चौकट असते, कोणी काढला, कोणी तपासला. प्रतापरावांनी त्यात आणखी एक ओळ घातली, संकल्पना: मनकर्णा हिंगोले. वरून नक्षा परत आला. पॅकिंगच्या कर्मचाऱ्याचं नाव त्या चौकटीत बसत नाही, असा शेरा. प्रतापरावांनी सही करून तोच नक्षा पुन्हा पाठवला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्यांनी सोबत माझ्या दोन वर्षांच्या वह्यांच्या नकला जोडल्या आणि लिहिलं, "हे नाव काढायचं तर माझंही काढा." शांत माणसाचा हट्ट कसा असतो ते मी तेव्हा पाहिलं. आवाज न चढवता, पण जागचा न हलणारा. नाव राहिलं. इंग्रजीत लिहिताना कोणीतरी हिंगोलेचं हिंगोली केलं, ते मात्र तसंच राहिलं.

व्यवस्थापकांनी मनकर्णाबाईंना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? मी सोबत होते. त्यांना पगारवाढीची अपेक्षा असावी.

"मला लाईनीवर परत जायचंय, साहेब."

"पण तपासणीचा नियम आहे. डोळे…"

"डोळे तपासा. आमच्या भल्याचंच हाये, मला आधीच तपासलं असतं तर साखर वेळेवर कळली असती. पण डोळ्यात नापास झाली की हात पण तपासा. शंभर नग द्या तिला. ते मोडले तर पाठवा पॅकिंगला."

व्यवस्थापक माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "नग तपासायचं काम माझं आहे. मी तपासून देईन."

नियमात ती ओळ आली. तिच्यामुळे आणखी दोघी परत जोडणीवर आल्या, त्यातल्या एकीला एकाच डोळ्याने दिसायचं. मनकर्णाबाईंना नव्या बायकांना शिकवायचं काम दिलं. जूनमध्ये नवं राज्य झालं, तेव्हा आमची जोडणीची ओळ चालू होती, बेचाळीसच्या बेचाळीस जणी कामावर.

तरी ठरल्याप्रमाणे अर्धं काम विजयवाड्याकडे गेलंच. प्रतापरावांची बदली तिकडे झाली. गौलीगुडा सोडून जाणारे त्यांच्या घरातले ते पहिलेच. पुढच्या वर्षी तिथली नवी ओळ उभी राहिली आणि त्यांनी पत्र पाठवलं, मनकर्णाबाईंना पंधरा दिवस पाठवा.

किशनराव स्टेशनवर सोडायला आले होते. त्यांना काळजी, डाग घेऊन ही बाई परक्या राज्यात कशी वावरेल. परकं राज्य, असंच म्हणाले ते, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच चमकले. दोन वर्षांपूर्वी ते एकच होतं.

"तुम्ही तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या," मनकर्णाबाई त्यांना म्हणाल्या. "माझं मी बघते."

तिथल्या हकिकती मला त्यांच्याकडूनच कळल्या. चोवीस बायका, सगळ्या कृष्णाकाठच्या खेड्यांतल्या. यांची तेलुगू मलकपेठेची, निम्मी दखनी. पहिल्याच दिवशी यांनी काहीतरी सांगितलं आणि अख्खी खोली हसायला लागली. कोणता शब्द चुकला ते अजून कळलं नाही म्हणाल्या. त्याही हसल्या. मग त्यांनी प्रत्येकीला डोळे मिटायला लावले आणि एकेकीच्या मागे उभं राहून तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. तिसऱ्या दिवशी त्या बायकांनी यांना आपल्या डब्यातला गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी, खायला घातला आणि चौथ्या दिवशी एकीने आपल्या सासूचं गाऱ्हाणं सांगितलं. तेव्हा कळलं आता शिकतील, असं त्या म्हणाल्या.

शेवटच्या आठवड्यात एका बाईने पांढरा तुकडा चिमटीत धरून विचारलं, "हा कान कशाला आहे याला? जपानहून आलाय का हा?"

प्रतापराव तिथेच होते. ते उत्तर द्यायला पुढे झाले, पण मनकर्णाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"नाही ग," त्या म्हणाल्या, "कान यासाठी की उलटा बसू नये. बसवून बघ बरं उलटा."

त्या बाईने बसवायचा प्रयत्न केला. बसला नाही. तिने तुकडा फिरवला, तो टक्कन आत गेला, आणि ती पुढच्या नगाकडे वळली.